लॉस लोबोसचं नाव पुन्हा पुढे करा

प्रति,
रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमची नामांकन समिती

माननीय सदस्यहो,
सप्रेम नमस्कार.

रॉक संगीतातल्या मोठ्या कलाकारांना आपण दर वर्षी निवडून मानाच्या यादीत घेता. ऑक्टोबर 2015 मध्ये आपण पुढच्या वर्षाच्या निवडीसाठी पंधरा नावं जाहीर केलीत. त्यांत पूर्व लॉस एंजेलिसच्या लॉस लोबोस या बँडचं नाव होतं. त्या पंधरांपैकी पाच त्याच फेरीत आत गेले: चीप ट्रिक, शिकागो, डीप पर्पल, एन.डब्ल्यू.ए. आणि स्टीव्ह मिलर. मागे राहिलेल्यांपैकी यस 2017 मध्ये आत आले, द कार्स 2018 मध्ये, जॅनेट जॅक्सन 2019 मध्ये, नाइन इंच नेल्स 2020 मध्ये, स्पिनर्स आणि चाका खान 2023 मध्ये. शीक हा बँड राहिला, पण त्यातल्या नाइल रॉजर्स यांना आपण 2017 मध्ये वेगळ्या सन्मानाने बोलावून घेतलंत. एका पंक्तीला बसलेल्या बहुतेकांचं जेवण झालं. लॉस लोबोसच्या पुढ्यात पान मांडलं गेलं नाही ते नाहीच, आणि 2025 च्या निवडीपर्यंत आपल्या यादीत त्यांचं नाव पुन्हा दिसलंही नाही. माझं मागणं एवढंच आहे, की ते नाव पुन्हा घ्यावं. का घ्यावं, ते सांगायला मात्र मला जरा जागा लागणार आहे.

आधी माझी ओळख देतो. मी मुंबईत लालबागला वाढलो. वडिलांची बेंजो पार्टी होती. हळद, वरात, सत्यनारायण, गणपतीची मिरवणूक, जिथली सुपारी येईल तिथे आम्ही जायचो. मी दहाव्या वर्षी खुळखुळा हातात धरला, मग बेंजो शिकलो, पुढे कॅसिओ आणि अकॉर्डियन. पन्नाशी उलटली तरी वाजवणं सुटलेलं नाही. हे पत्र मराठीत आहे, कारण मनातलं मला याच भाषेत नीट मांडता येतं. न्यू जर्सीला असलेली माझी भाची त्याचा इंग्रजी तर्जुमा करून आपल्याकडे धाडणार आहे. आणि उघड यासाठी लिहितो आहे, की इकडच्या वाजवणाऱ्या पोरांनीही या लोकांची गोष्ट वाचावी.

माझा मोठा मामा बोटीवर कामाला होता. 1988 च्या मे महिन्यात तो सुट्टीवर आला तेव्हा त्याने ‘ला बाम्बा’ चित्रपटाच्या गाण्यांची कॅसेट आणली. पहिलंच गाणं लागलं आणि बाबांनी पाटावरचा बेंजो ओढून घेतला. सगळ्या गाण्यात तीनच कॉर्ड. दुसऱ्या ऐकण्यात त्यांनी चाल काढली, तिसऱ्या ऐकण्यात आमच्या ढोलकीवाल्याला ठेका सापडला, आणि त्याच आठवड्यात आम्ही ते एका हळदीला वाजवलं. बायाबापड्या नाचल्या. शब्द एकालाही कळत नव्हता, आम्हालाही नाही.

पण बाबा अडकले ते गाण्याच्या शेवटाशी. तिथे इलेक्ट्रिक गिटार थांबते, ड्रम थांबतात, आणि खालून बारीक तारांची लाकडी वाद्यं वर येतात. चाल तीच, पण ठेका वेगळाच, अंगणातला. ती जागा आम्ही पेन्सिलीने कॅसेट मागे फिरवून फिरवून ऐकली. बेंजोवर काही ती बसेना. बाबा म्हणाले, “हे शहरातलं वाजवणं नाही. हे लोक कुठल्या तरी गावचे आहेत, आणि जाता जाता गावाला हात करून गेले.”

बाबांना इंग्रजी येत नव्हतं, मेक्सिको नकाशात कुठे आहे ते त्यांना दाखवता आलं नसतं. तरी त्यांनी बरोबर ओळखलं होतं. ‘ला बाम्बा’ ही मेक्सिकोच्या वेराक्रूझ किनाऱ्यावरची जुनी लोकधून. तिथे तिच्या जातीच्या संगीताला सोन हारोचो म्हणतात. स्पॅनिश, आफ्रिकी आणि मूळ रहिवाशांचं असं तीन पाण्यांचं ते मिश्रण आहे. ही धून लग्नात वाजते. नवरानवरी जमिनीवर ठेवलेल्या लांब फितीला नाचता नाचता नुसत्या पायांनी गाठ मारतात. हे मला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा बाबा नव्हते. मुंबईच्या हळदीत आम्ही जे वाजवत होतो, ते मुळात लग्नाचंच गाणं होतं.

या धुनीला रॉक अँड रोलमध्ये आणलं लॉस एंजेलिसच्या पकोइमा भागातल्या रिची व्हॅलेन्स या गायकाने, 1958 मध्ये, सतराव्या वर्षी. 3 फेब्रुवारी 1959 ला विमान कोसळून तो गेला. त्याला आपण 2001 मध्ये मान दिलात, चांगलं केलंत. तेच गाणं लॉस लोबोसने 1987 मध्ये रिचीवरच्याच चित्रपटासाठी पुन्हा गायलं आणि 29 ऑगस्टला ते बिलबोर्डच्या हॉट 100 यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं. तीन आठवडे तिथे होतं. संपूर्ण स्पॅनिशमधलं गाणं त्या जागी पहिल्यांदाच पोचलं होतं. आणि अशा गाण्याच्या शेवटच्या काही क्षणांत या लोकांनी ते रिचीच्याही मागे, थेट वेराक्रूझच्या अंगणात नेऊन सोडलं. रेडिओवर गाणं चालवायचं असतं तेव्हा कोणी असं शेपूट जोडत नाही. यांनी जोडलं.

29 ऑगस्ट ही तारीख तुमच्या देशात पूर्व लॉस एंजेलिसवाल्यांना सांगावी लागत नाही. 1970 साली त्याच दिवशी व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात वीस-तीस हजार मेक्सिकन-अमेरिकन माणसं तिथल्या रस्त्यांवर उतरली होती. पोलिसांनी मोर्चा मोडला. व्हिटियर बुलेव्हार्डवरच्या एका बारमध्ये बसलेले पत्रकार रुबेन सालाझार अश्रुधुराचं नळकांडं लागून ठार झाले. त्याच्या दोन वर्षं आधी, मार्च 1968 मध्ये, त्या भागातल्या शाळांतली मुलं वर्ग सोडून बाहेर पडली होती. शाळेत स्पॅनिश बोललं की शिक्षा व्हायची, आणि तीही त्यांची एक तक्रार होती. बाहेर पडलेल्या शाळांत गारफील्ड हायस्कूल होतं. लॉस लोबोसचे डेव्हिड हिदाल्गो आणि लुई पेरेझ याच गारफील्डचे. सतरा वर्षांनी त्याच तारखेला त्याच वस्तीतल्या पोरांचं स्पॅनिश गाणं देशात पहिलं यावं, हा योगायोगच. पण मला तो नुसता वाचून पुढे जाता येत नाही. आमच्याकडे 1 मे या तारखेला काय वजन आहे ते मराठी माणसाला ठाऊक आहे, म्हणून असेल.

बँड जमला 1973 मध्ये. हिदाल्गो, पेरेझ, सेझार रोसास, कॉनराड लोझानो, आणि सुरुवातीला फ्रँक गोन्झालेझ, जे पुढे बाहेर पडले. सगळे विशीच्या आसपासचे, सगळे आधी इलेक्ट्रिक गिटारवर रॉक वाजवणारे. मग एक दिवस त्यांनी आईवडिलांच्या जुन्या रेकॉर्डी बाहेर काढल्या. लहानपणी ज्या संगीतापासून दूर पळायचो, ते किती अवघड आहे हे वाजवायला घेतल्यावर कळलं, असं ते पुढे सांगत आले आहेत. त्यांनी गिटार बाजूला ठेवल्या आणि जुनी वाद्यं जमवली: बारा तारांचा बाहो सेक्स्तो, मोठ्या पोटाचा गिटारोन, छोट्या गिटारीसारखे हाराना आणि रेकिंतो, अकॉर्डियन. ही वाद्यं ते स्वतःच्या कानाने, रेकॉर्डीवरून शिकले.

मी चाळीसेक वर्षं वाजवतो आहे, म्हणून या गोष्टीचं मोल मला जरा जास्त कळतं. विशीतला पोरगा आपल्या आजोबांचं वाद्य उचलतो तेव्हा त्याचे दोस्त त्याला हसतात. त्या वयात सगळ्यांना पुढचं काहीतरी वाजवायचं असतं. हे चौघे मागे वळले, आणि पुढची आठ-दहा वर्षं त्यांनी लग्नं, बारशी, वाढदिवस आणि मेक्सिकन खाणावळींत वाजवून काढली. शेतमजुरांच्या युनियनसाठी 1976 मध्ये निघालेल्या ‘सी से पुएदे’ या रेकॉर्डवर ते वाजले. 1978 मध्ये स्वतःच्या हिमतीवर पहिली रेकॉर्ड काढली. तिचं नाव त्यांनी ठेवलं ‘पूर्व लॉस एंजेलिसचा आणखी एक बँड’, अर्थात इंग्रजीत.

आपल्या संग्रहालयात आणि चरित्रांत ही वर्षं दोन ओळींत उरकली जातात: ‘सुरुवातीला ते लग्नात वाजवायचे.’ माझं भांडण या दोन ओळींशी आहे. लग्नात वाजवणं ही पायरी नाही, ते शिक्षण आहे. लग्नात आजोबा एक फर्माईश करतात, करवली दुसरी, दारू चढलेला मामा तिसरी, आणि तिन्ही वाजवावी लागतात. वधूच्या बापाचा आवाज काळी चारमध्ये चढत नाही, म्हणून ऐनवेळी पट्टी उतरवावी लागते. समोरच्याचे पाय थांबले की तुम्ही चुकलात, तिथे दुसरा परीक्षक नसतो. लॉस लोबोसच्या मैफिलीत आजही एकामागोमाग नोर्तेन्यो, ब्लूज, कुंबिया, गावठी वॉल्ट्झ आणि कर्कश गिटारचं रॉक येतं आणि कुठेही सांधा दिसत नाही. त्याचं मूळ मला त्या लग्नांत दिसतं.

1980 मध्ये ऑलिंपिक ऑडिटोरियममध्ये त्यांनी पब्लिक इमेज लिमिटेड या ब्रिटिश बँडच्या आधी वाजवायचं कबूल केलं. समोर पंक हे धसमुसळं रॉक ऐकायला आलेला जमाव, आणि रंगमंचावर हे, हातात पारंपरिक वाद्यं. लोकांनी आरडाओरडा केला, थुंकले, हाताला लागेल ते फेकलं. काही मिनिटांत त्यांना उतरावं लागलं. मी एकदा ठाण्याला एका वरातीत असा अनुभव घेतला आहे. बर्फाचा खडा भुवईला लागला होता. त्या रात्री घरी येऊन मी अकॉर्डियन पेटीत घातला तो दोन महिने काढला नाही. हे लोक घरी गेले आणि त्यांनी त्या जमावातल्या ताकदीचा विचार केला. इलेक्ट्रिक गिटार परत बाहेर आल्या, पण अकॉर्डियन आणि बाहो सेक्स्तो आत गेले नाहीत. दोन्ही एकाच वेळी रंगमंचावर उभे राहिले. लॉस लोबोस म्हणून जग ज्यांना ओळखतं ते त्यानंतरचे.

द ब्लास्टर्स या बँडने त्यांना आपल्या आधी वाजवायला बोलावलं, शहरातल्या पंकवाल्यांचे कान हळूहळू त्यांच्याकडे वळले, स्लॅश रेकॉर्ड्स या कंपनीने हात दिला. 1983 मध्ये सात गाण्यांची छोटी रेकॉर्ड आली, टी बोन बर्नेट आणि स्टीव्ह बर्लिन यांनी केलेली. त्यातल्या ‘आन्सेल्मा’ या गाण्याला मेक्सिकन-अमेरिकन गायनवादनाचं ग्रॅमी मिळालं. तो विभागच त्या वर्षी पहिल्यांदा सुरू झाला होता. सॅक्सोफोनवाला बर्लिन ब्लास्टर्स सोडून 1984 मध्ये यांच्यात आला तो कायमचा. फिलाडेल्फियाचा हा माणूस त्यांच्यातला एकटाच बाहेरचा, आणि चाळीस वर्षांत तो बाहेरचा राहिलेला नाही.

1984 च्या मोठ्या रेकॉर्डवर ‘अ मॅटर ऑफ टाइम’ नावाचं गाणं आहे. ते मी माझ्या भाचीकडून ओळ-ओळ समजून घेतलं. रात्रीची वेळ आहे. मूल झोपलेलं आहे, ते उठू नये म्हणून नवराबायको हळू आवाजात बोलताहेत. तो कामासाठी दूर निघाला आहे. तिकडे जम बसला की तुम्हाला नेईन, म्हणतो. ती विचारते, तिकडे खरंच तसं असेल का? बस्स, एवढंच गाणं. सीमा नाही, पोलीस नाही, घोषणा नाही. माझे आजोबा सावंतवाडीहून गिरणीत कामाला आले तेव्हा आमच्या घराच्या पडवीत हेच बोलणं झालं असणार. आजीने ते कधी सांगितलं नाही, आणि मला ते लॉस एंजेलिसच्या लोकांकडून ऐकावं लागलं. हिदाल्गो ते गातो तेही हळू, मूल खरोखरच शेजारी झोपल्यासारखं. पेरेझ आणि हिदाल्गो ही जोडी गाणी लिहिते ती अशी, आतल्या खोलीतून. याच रेकॉर्डचं शीर्षकगीत, लांडगा कसा तग धरणार असं विचारणारं, पुढे वेलन जेनिंग्सने गायलं आणि टेक्सासच्या कंट्री गायकाच्या तोंडी ते जराही परकं वाटलं नाही. 1984 च्या त्या वर्षी ‘रोलिंग स्टोन’ मासिकाच्या समीक्षकांनी वर्षाचा सर्वोत्तम बँड म्हणून यांची निवड केली होती.

आता त्या वळणावर येतो ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला बसलो.

1987 मध्ये पहिल्या क्रमांकाचं गाणं. जगभर नाव. रेकॉर्ड कंपनीला पुढे काय हवं असेल ते कोणी सांगायला नको: आणखी एक ‘ला बाम्बा’. आमच्या धंद्यात एखादं गाणं गाजलं की सुपारी देणाऱ्याला दर वर्षी तेच हवं असतं, आणि आपण तेच देतो, कारण घर चालवायचं असतं. लॉस लोबोसने 1988 मध्ये काय दिलं? ‘ला पिस्तोला इ एल कोरासोन’. इलेक्ट्रिक गिटार नाही, इंग्रजीचा शब्द नाही. लग्नांत वाजवायचे तीच जुनी मेक्सिकन गाणी आणि त्याच घडणीची आपली स्वतःची, त्याच लाकडी वाद्यांवर. ‘ला बाम्बा’च्या पुढे तिची विक्री कुठेच नव्हती. ग्रॅमी मिळालं, पण त्याने पैसे परत येत नाहीत. ‘ला बाम्बा’च्या शेवटी जे काही क्षण ऐकू येतात, त्यांची यांनी अख्खी रेकॉर्ड केली. नव्या श्रोत्यांना हे लोक सांगत होते: तुम्ही आमच्या दारापर्यंत आलाच आहात, तर आता घरात या.

मतदारांच्या मनात लॉस लोबोस म्हणजे दुसऱ्याचं एक गाणं गाऊन गाजलेला बँड, असं काहीतरी बसलेलं असावं अशी मला शंका आहे. आपल्याकडे हजाराहून जास्त मतदार आहेत आणि प्रत्येकाने सगळ्या रेकॉर्डी ऐकल्या असतील अशी अपेक्षा मी धरत नाही. पण नामांकन करणारे आपण मोजके आहात. आपण ऐकल्या पाहिजेत. निदान दोन: ‘ला पिस्तोला’ आणि 1992 ची ‘किको’.

‘किको’बद्दल थोडं जास्त बोलतो. निर्माता मिचेल फ्रूम, ध्वनिमुद्रणाला चॅड ब्लेक, सोळा गाणी. तोवर या लोकांनी जमवलेलं सगळं इथे वितळून एक झालेलं आहे. कुठलं वाद्य मेक्सिकोचं आणि कुठलं मेम्फिसचं हे विचारायचंच सुचत नाही. ड्रमचा आवाज जुन्या पत्र्याच्या डब्यासारखा, सॅक्सोफोन दुरून, झोपेतून आल्यासारखा. ‘सेंट बिहाइंड द ग्लास’ हे गाणं पेरेझच्या बालपणाच्या आठवणीतलं आहे. भिंतीवर काचेच्या चौकटीत संताची तसबीर, आणि खाली घर आपलं जगतं आहे; आई, मूल, रात्र. तो संत सगळं बघतो. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत विठोबाची तसबीर होती, काचेला एका कोपऱ्यात तडा गेलेली. आई रात्री शेवटचा दिवा मालवताना तिच्याकडे एकदा बघायची. हे गाणं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तो तडा दिसला. पूर्व लॉस एंजेलिसच्या एका घरातली तसबीर इतकी नेमकी सांगितली आहे, की लालबागच्या माणसाला आपली आठवते. मोठ्या बँडकडे असं एखादं गाणं असतं. यांच्याकडे पुष्कळ आहेत.

नंतरचं भराभर सांगतो. 1995 च्या ‘डेस्पराडो’ चित्रपटातल्या मारियाची सुराने तिसरं ग्रॅमी आणलं. त्याच वर्षी चिकानो, म्हणजे मेक्सिकन-अमेरिकन, संगीताचे आद्य पुरुष लालो गेरेरो यांना सोबत घेऊन मुलांसाठी रेकॉर्ड केली. कंपन्या बदलल्या, 2006 ची ‘द टाउन अँड द सिटी’ ही स्थलांतराची रेकॉर्ड माझ्या मते ‘किको’च्या खालोखाल. 2021 मध्ये ‘नेटिव्ह सन्स’ आली. त्यात एक नवं गाणं सोडलं तर सगळी आपल्या शहरातल्या इतरांची गाणी आहेत: दी मिडनाइटर्स, वॉर, बीच बॉइज, जॅक्सन ब्राउन, गेरेरो, आणि 1980 नंतरच्या दिवसांत हात देणारे ब्लास्टर्ससुद्धा. ऋण फेडायची ही रीत मला फार भावली. चौथं ग्रॅमी त्या रेकॉर्डला मिळालं. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय कला निधीने त्यांना नॅशनल हेरिटेज फेलोशिप दिली, म्हणजे तिथल्या सरकारने लोककलावंताला द्यायचा सर्वोच्च मान. त्या रेकॉर्डवर वाजवणारे कोण? 1973 चे तेच चौघे आणि 1984 चा पाचवा.

हे शेवटचं वाक्य मी सहज लिहिलं, पण त्यावर थांबतो. माझ्या बाबांची पार्टी अठरा वर्षांत तीनदा फुटली. एकदा पैशावरून, एकदा पुढे कोण उभं राहणार यावरून, आणि एकदा का ते आजही मला माहीत नाही. पाच माणसांनी एकत्र राहणं किती कठीण असतं, ते मी बघितलेलं आहे. पेरेझ सुरुवातीला ड्रमवर होता. पुढे तो ड्रमवरून उठून गिटार घेऊन पुढे आला आणि ड्रमला दुसरे वादक येत गेले. दोन गायक आहेत, हिदाल्गो आणि रोसास, दोघांचे गळे अगदी वेगळे. एकाचा उंच, ओला. दुसऱ्याचा जाड, रस्त्यावरचा. पन्नास वर्षांत दोघांपैकी एकाने दुसऱ्याला मागे ढकललेलं नाही. लोझानोचा बास तर बहुतेकांना ऐकूच येत नाही, इतका तो गाण्याच्या बुडाशी बसलेला असतो. तो एक दिवस थांबला तरच कळेल.

आपली पात्रतेची अट पहिल्या रेकॉर्डनंतर पंचवीस वर्षांची आहे. 1978 पासून धरलं तर 2003 मध्ये ती पूर्ण झाली. इतकी वर्षं एकदाच नाव घेतलं गेलं. त्याच शहरातला गायक वॉरन झेव्हॉन सप्टेंबर 2003 मध्ये गेला, आणि आपण त्याला 2025 मध्ये बोलावलंत. बावीस वर्षांनी. त्याच वर्षी गायक चबी चेकर यांची निवड जाहीर झाली तेव्हा ते 83 वर्षांचे होते. लॉस लोबोसचे हे पाच जण आज सत्तरीच्या घरात आहेत. मी अधिक लिहीत नाही.

मेक्सिकन मुळं असलेले कलाकार आपल्या सभागृहात आहेत. कार्लोस सँटाना आहेत, 1998 पासून. रिची आहे. लिंडा रॉनस्टॅट 2014 मध्ये आल्या, जोन बाएझ 2017 मध्ये. सगळे रास्त. पण वस्तीतल्या लग्नांत उभं राहून, दोन्ही भाषांत, दोन्ही वाद्यं एकत्र वाजवत ज्यांनी रॉक अँड रोलचा एक नवा प्रांतच उभा केला, असा बँड त्यांत नाही. रॉक अँड रोल जन्माला आलं तेच मुळी असं. दक्षिणेतल्या काळ्या माणसांचं ब्लूज आणि गोऱ्या माणसांचं डोंगरी संगीत एका अंगणात आलं तेव्हा. लॉस लोबोसने तेच पुन्हा करून दाखवलं, आणखी एका वस्तीचं संगीत आत घेऊन. आपल्या नियमांत ‘प्रभाव आणि महत्त्व’ हे दोन निकष आहेत. आज तुमच्या देशात अकॉर्डियन आणि इलेक्ट्रिक गिटार एकत्र घेऊन दोन भाषांत गाणारी तरुण मुलं दिसतात. त्यांची वाट यांनी पाडलेली आहे.

माझं एक म्हणणं स्पष्ट सांगतो. आपल्याकडे समितीने परस्पर द्यायचे वेगळे सन्मान आहेत, नाइल रॉजर्स यांना दिला तसा. लॉस लोबोसना तो देऊन मोकळं होता येईल, आणि अनेकांना ते पुरेसं वाटेल. मला वाटणार नाही. हे लोक मागच्या दाराने बरेच आले आहेत, लग्नाच्या हॉलच्या, खाणावळींच्या, स्टुडिओच्या. त्यांचं नाव कलाकारांच्या मुख्य यादीत यावं, मतदारांपुढे जावं, आणि त्याआधी आपण त्या मतदारांना ‘किको’ ऐकवावी.

नाव आलं, निवड झाली, आणि क्लीव्हलँडला किंवा जिथे कुठे समारंभ होईल तिथे ते वाजवायला उभे राहिले, तर एक विनंती आहे. ‘ला बाम्बा’ वाजणारच, ते वाजू द्या. पण त्याआधी ‘ला पिस्तोला’मधलं एक तरी गाणं होऊ द्या, हाराना आणि गिटारोन घेऊन. ध्वनिव्यवस्था करणाऱ्याला आधी सांगून ठेवावं, की गिटारोनचा आवाज त्याच्या पोटातून येतो. माईक वर तारांपाशी लावला तर नुसता खडखडाट ऐकू येईल. तो खाली, पोटाच्या भोकाशी, वीतभर अंतरावर लावायचा.

आपला नम्र,
लालबागचा एक बेंजोवाला